तीन नंबरच्या फ्लाय रॉडला कोणतं रीळ लावावं?

माझा पहिला हलका फ्लाय रॉड, म्हणजे पिसांच्या नकली किड्याने मासे धरायची काठी, आठ फुटांचा, तीन नंबरचा होता आणि त्याला लावलेलं रीळ होतं सहा नंबरच्या रॉडचं. दुकानदार म्हणाला होता, "मोठंच घ्या, पुढे कामाला येईल." हिमाचलात गुशैणीजवळ तीर्थन नदीच्या बर्फगार पाण्यात गुडघाभर उभं राहून सकाळपासून दुपारपर्यंत लाइन टाकत राहिलो. जेवायला बसलो तेव्हा घास उचलताना मनगट भरून आल्याचं जाणवलं. पुढच्या वर्षी मी उलट टोकाला गेलो आणि यादीतलं सगळ्यात कमी ग्रॅमचं रीळ मागवलं. आता रॉडचा शेंडा सारखा खाली झुकू लागला. तो वर धरून ठेवण्यात मनगट पुन्हा तितकंच दुखलं.

दोन वर्षं आणि दोन रिळांचे पैसे गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली. हलक्या रॉडला सगळ्यात हलकं रीळ नको असतं, त्या रॉडचा तोल सांभाळणारं रीळ हवं असतं. ते रीळ किती ग्रॅमचं असावं, हे खरेदीच्या आधी घरच्या घरी काढता येतं. ती रीत आणि तिच्या मागची-पुढची सगळी पावलं खाली लिहिली आहेत. दोन, तीन किंवा चार नंबरचा रॉड घेतला आहे आणि रिळाशी अडून बसला आहात, अशांसाठी हा लेख आहे.

१. रॉडवरचा नंबर काय सांगतो ते आधी समजून घ्या

साध्या गळाच्या मासेमारीत शिशाचं वजन किंवा जड आमिष पुढे जातं आणि दोरा त्याच्या मागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं असतं. पिसं आणि धागा गुंडाळून केलेल्या फ्लायला वजन जवळपास नसतंच. फेकली जाते ती जाड, वजनदार लाइन आणि फ्लाय तिच्या मागोमाग जाते. रॉडचा नंबर म्हणजे तो कोणत्या वजनाच्या लाइनसाठी बनवला आहे त्याची खूण. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेन या एककात मोजतात. दोन नंबरला ८० ग्रेन, तीनला १००, चारला १२० आणि पाचला १४०. १०० ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम. एवढ्या वजनावर हा सगळा खेळ चालतो.

म्हणून लाइन फेकण्याच्या क्रियेत रीळ काही करत नाही. ते लाइन साठवतं, मासा पळाला तर ती हळूहळू सोडतं आणि तुमच्या मुठीमागे बसून रॉडचा तोल राखतं. स्पिनिंग रीळ वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : नेहमीच्या फ्लाय रिळात गिअर नसतात. रिळाची मूठ एकदा फिरवली की स्पूलही, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरीही, एकदाच फिरतो.

२. हाताशी काय काय हवं

- स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एका ग्रॅमपर्यंत दाखवणारा
- एक छोटी प्लास्टिकची पिशवी, रबरबँड आणि वाटीभर मूगडाळ
- मोजपट्टी
- तुमचा रॉड, सगळे तुकडे जोडलेला
- ५एक्स टिपेटचा, म्हणजे फ्लाय बांधायच्या बारीक दोऱ्याचा, वीतभर तुकडा (जाडी सुमारे ०.१५ मिलिमीटर)
- लाइनच्या खोक्यावरची माहिती : नंबर, लांबी, आणि ती पुढून जड आहे की दोन्ही टोकांना सारखी

शेवटच्या मुद्द्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. त्याबद्दल चौथ्या पायरीत सांगतो.

३. मूगडाळीने तोल काढा

या पायरीला वेळ द्या, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे.

रॉड पूर्ण जोडा. लाइन टाकताना धरता तसा हातात धरा आणि अंगठा कॉर्कवर कुठे येतो ते पाहा. मग हात सोडून, बरोबर त्या जागेखाली तर्जनी आडवी ठेवून रॉड तिच्यावर तोला. रीळ नसल्यामुळे शेंडा लगेच खाली जाईल. आता प्लास्टिकच्या पिशवीत मूठभर मूगडाळ भरा, रीळ बसवतात त्या जागी रबरबँडने पिशवी पक्की बांधा आणि पुन्हा तोला. शेंडा अजून झुकत असेल तर चमचाभर डाळ वाढवा, बुडखा खाली जात असेल तर काढा. तर्जनीवर रॉड आडवा, तराजूच्या दांडीसारखा स्थिर राहिला की पिशवी सोडून काट्यावर ठेवा.

माझ्या आठ फुटी रॉडला १२८ ग्रॅम लागले. पण हे रिळाचं वजन नव्हे. त्यात लाइन आणि तिच्या मागे बांधायचा दोरा, म्हणजे बॅकिंगही धरायला हवं. माझी तीन नंबरची लाइन आणि ४५ मीटर बॅकिंग मिळून २२ ग्रॅम भरलं. ते वजा केलं आणि उरले १०६. म्हणजे मला १०० ते ११५ ग्रॅमच्या आसपासचं रिकामं रीळ हवं होतं. पहिलं रीळ याच्या जवळपास दुप्पट होतं आणि दुसरं फारच कमी. दोन्ही वेळा मनगट का दुखलं, ते त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उमगलं.

उत्तर थोडं वरच्या बाजूला धरलेलं बरं. लाइन कड्यांमधून ओवली की तिचं वजन शेंड्याकडे जातं, म्हणून पाच-दहा ग्रॅम जास्त चालतात. लहान नदीत दिवसभर रॉड उंच धरून, लाइन पाण्याला न टेकवता फ्लाय वाहू देणार असाल, तर आणखी थोडं जड रीळ हाताला सुखाचं वाटतं.

इथे एक हिशेब सांगतो. तो कळला की वजनाच्या जाहिरातींकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहाल. रीळ तुमच्या बोटापासून जेमतेम १५ सेंटिमीटर मागे असतं आणि रॉडचा पुढचा भाग दीड मीटर पुढे. तरफेच्या नियमाने पुढचा एक ग्रॅम मागच्या दहा ग्रॅमना भारी पडतो. त्यामुळे फायबरग्लासचा किंवा बांबूचा रॉड असेल, ज्याचा पुढचा भाग ग्रॅफाइटपेक्षा जड असतो, तर त्याला रीळही जड लागतं. बांबूच्या जुन्या रॉडला कागदासारखं हलकं रीळ लावून चिडलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या रॉडमध्ये काही खोट नव्हती.

४. रिळावरचे आकडे वाचायला शिका

रिळावर किंवा खोक्यावर '२/३', '३/४', '४/५' असे जोड आकडे असतात. तीन नंबरच्या रॉडला '२/३' घ्यायचं की '३/४'? हे तुमच्या लाइनवर ठरतं. पुढून जड असलेल्या लाइनचा मागचा भाग बारीक असतो, ती कमी जागा घेते. दोन्ही टोकांना सारखी निमुळती होणारी लाइन मधे सगळीकडे जाड असते आणि तिला बरीच जास्त जागा लागते. कंपनीने दिलेली क्षमता बहुधा पहिल्या प्रकारच्या लाइनची असते. ती वाचून लहान रीळ घेतलं आणि वर दुसऱ्या प्रकारची लाइन भरली, की बॅकिंगला जागाच उरत नाही किंवा लाइन फ्रेमच्या दांड्यांना घासते. दोन्ही टोकांची लाइन आवडत असेल तर एक माप मोठं रीळ बघा, मात्र वजन तिसऱ्या पायरीत काढलेल्या आकड्याजवळच राहू द्या.

बॅकिंग म्हणजे लाइनच्या मागे बांधलेला बारीक विणीचा दोरा. साधारणपणे २० पौंडी डॅक्रॉन वापरतात. तीर्थनसारख्या नदीतली वीतभर किंवा जरा मोठी ब्राउन ट्राउट तुमची जवळपास २७ मीटरची लाइन पूर्ण पळवून बॅकिंगपर्यंत जाईल, असं सहसा होत नाही. तरीही ४५ मीटर भरा. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

५. आर्बर : लाइन ज्याच्याभोवती गुंडाळली जाते तो गाभा

गाभा बारीक असला की आतली लाइन आवळून बसते आणि थंड पाण्यात बाहेर काढल्यावर स्प्रिंगसारखी वेटोळी राहते. फ्लाय हलकी असल्यामुळे ही वेटोळी सरळ करायला कोणी नसतं. फ्लाय मग पाण्यावर नैसर्गिक वाहत नाही आणि मासा लगेच ओळखतो.

गोळाबेरजेचा हिशेब असा. लाइनचा गुंडाळलेला व्यास ७ सेंटिमीटर असेल तर मुठीच्या एका फेरीत सुमारे २२ सेंटिमीटर लाइन आत येते. तो ३ सेंटिमीटरवर आला तर जेमतेम ९. दहा मीटर लाइन आत घ्यायला पहिल्यात ४५ फेऱ्या, दुसऱ्यात शंभरावर. बॅकिंग भरलं की गाभा आपोआप जाड होतो, म्हणूनच ते भरायचं.

खरं सांगायचं तर लहान नदीत आपण बहुतेक मासे लाइन हाताने ओढूनच आणतो, रीळ फिरवून नाही. त्यामुळे भराभर गुंडाळण्यासाठी अतिमोठ्या आर्बरचं रीळ घ्यायची गरज नाही. मध्यम आर्बर तीन नंबरला पुरेसा आहे. अतिमोठ्या आर्बरच्या रिळात क्षमता टिकवायला स्पूल रुंद करावा लागतो आणि रुंद स्पूलवर लाइन एका कडेला ढीग करून बसते. बोटाने ती सारखी पसरवत राहावी लागते.

६. ब्रेक : क्लिक की डिस्क?

दोन प्रकार आहेत. क्लिक-पॉलमध्ये दातेरी चक्रावर स्प्रिंगने दाबलेली एक छोटी जीभ असते. स्पूल फिरला की ती दातांवरून घसरते आणि करकर आवाज येतो. डिस्कमध्ये चकत्या एकमेकींवर घासून रोध करतात, सायकलच्या डिस्क ब्रेकसारख्या, आणि बटण फिरवून तो कमी-जास्त करता येतो.

दोन ते चार नंबरच्या रॉडवर लहान ट्राउटसाठी माझी पसंती स्वच्छ क्लिकला आहे. भाग कमी, वजन कमी, बिघडलं तर घरी दुरुस्त होतं. ५एक्स टिपेट अंदाजे दोन किलोच्या ओढीला तुटतं, म्हणजे ब्रेक त्याहून खूपच हलका हवा. जास्त रोध लागला तर स्पूलच्या उघड्या कडेला तळहात हलका टेकवायचा. म्हणून कड बाहेरून हाताला लागेल असंच रीळ घ्या. रेडिंग्टनचं झीरो, ऑर्व्हिसचं बॅटनकिल ही या प्रकारातली नावं तुमच्या कानावर येतील. बॅटनकिलमध्ये क्लिकचा जोर चार टप्प्यांत बदलता येतो, ही सोय मला आवडते.

डिस्क केव्हा घ्यावा? तेच रीळ पुढे पाच नंबरवरही वापरणार असाल, किंवा मोठ्या रेनबो ट्राउटच्या पाण्यात जाणार असाल तर. डिस्क घेतलात तर ब्रेक किती किलोचा आहे ते विचारू नका, सुरुवात कशी होते ते तपासा. लाइनचं टोक धरून अगदी हळू ओढा. आधी अडून मग एकदम झटक्याने सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा. बारीक टिपेट तुटतं ते त्या पहिल्या झटक्याला.

क्लिकमध्ये एक धोका आहे आणि त्यापायी मी एक सुंदर मासा गमावला आहे. ते दुसरं, अतिहलकं रीळ. त्याची स्प्रिंग फार नाजूक होती. उन्हं उतरली होती, समोर एका मोठ्या खडकामागच्या संथ पाण्यात ब्राउन ट्राउट वर येऊन किडे टिपत होती. मी घाईने हातभर लाइन ओढून काढली. माझा हात थांबला तरी स्पूल फिरतच राहिला आणि आत सैल वेटोळं पडलं. मला ते दिसलं नाही. फ्लाय बरोबर पडली, मासा लागला, एक मीटर पळाला आणि लाइन स्वतःच्याच वेटोळ्यात रुतली. टिपेट तटकन तुटलं. त्या माशाच्या तोंडात माझी फ्लाय राहिली याची चुटपुट आजही आहे.

म्हणून दुकानात ही परीक्षा घ्याच : लाइन किंवा दोरा हातभर झटक्याने ओढा आणि एकदम थांबा. स्पूल पाव फेरीच्या आत थांबला पाहिजे. अर्धी फेरी पुढे गेला तर ते रीळ नको.

७. हातात घेऊन काय काय पाहायचं

फ्रेम आणि स्पूल यांच्यातली फट आधी पाहा. तुमच्या ५एक्स टिपेटचा तुकडा त्या फटीत सारून बघा. तो सहज आत शिरत असेल तर नदीवर लीडरचं (लाइनला फ्लाय जोडणाऱ्या निमुळत्या दोऱ्याचं) टोक आत जाईल, मूठ फिरवाल आणि ते चिरडेल. स्वस्त रिळांमधला हा सगळ्यात त्रासदायक दोष आहे आणि छायाचित्रात तो दिसत नाही.

मग स्पूल कडेला धरून डावी-उजवीकडे हलवा. किंचित हालचाल चालते, खडखड नको.

रिळाचा पाय तुमच्या रॉडच्या खोबणीत बसतो का, हे रॉड सोबत नेऊनच पाहा. हलक्या रॉडवर कधीकधी स्क्रूऐवजी कॉर्कवर सरकणाऱ्या दोन कड्या असतात. जाड पायाचं रीळ त्यात अर्धवट बसतं आणि दिवसातून चारदा निसटतं. तसलं रीळ पाण्यात पडलं की तीर्थनच्या प्रवाहात शोधणं कठीण.

धातूबद्दल थोडंसं. ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमच्या सलग गजातून कापून केलेली रिळं महाग असतात, पण आपटली तरी सहसा तग धरतात. साच्यात ओतून केलेली स्वस्त पडतात आणि काही खूप हलकीही असतात. मात्र खडकावर पडून कड वाकली की स्पूल घासू लागतो. काळजीने वापरणार असाल तर ओतीव रिळाला माझी हरकत नाही. स्पूलला असलेली भोकं वजन कमी करतात आणि लाइन वाळायला मदत करतात. ही युक्ती जुनी आहे : चार्ल्स ऑर्व्हिस यांनी सच्छिद्र रिळाचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं. तेव्हा लाइन रेशमी असे आणि ओली राहिली की कुजत असे.

८. कोणत्या हाताने गुंडाळणार ते आधी ठरवा

उजव्या हाताने लाइन टाकत असाल तर रीळ डाव्या हाताने फिरवणं सोपं, रॉडचा हात बदलावा लागत नाही. बहुतेक रिळं दोन्ही बाजूंनी वापरता येतात, पण त्यासाठी आतली जीभ किंवा बेअरिंग उलटं बसवावं लागतं. हे बॅकिंग भरायच्या आधी करा. दुकानात भरून देणार असतील तर हात कोणता ते कागदावर लिहून द्या. मी तोंडी सांगितलं होतं, उलट्या बाजूने भरून मिळालं आणि मुक्कामी पोचल्यावर पूर्ण लाइन सोडून परत गुंडाळण्यात एक सकाळ गेली.

९. लाइन मोजून भरा

बॅकिंग किती लागेल याचा अंदाज बांधत बसू नका. आधी लाइनचं पुढचं टोक स्पूलला चिकटपट्टीने लावून पूर्ण लाइन गुंडाळा. तिच्या मागच्या टोकाला बॅकिंग बांधा आणि फ्रेमच्या दांडीपासून साधारण ५ मिलिमीटर जागा उरेपर्यंत गुंडाळत जा. तिथे बॅकिंग कापा. मग सगळं सोडून उलटं करा : बॅकिंग आत, लाइन बाहेर.

हे सोडणं-गुंडाळणं खोलीत करू नका, गुंता हमखास होतो. मी इमारतीच्या गच्चीवर करतो. एका टोकाच्या नळाला बॅकिंग अडकवायचं आणि रीळ हातात धरून मागे मागे चालत जायचं. गुंडाळताना दोन बोटांमधून दोरा ताणून घ्या. सैल भरलेल्या बॅकिंगमध्ये वरची लाइन रुतते.

भरून झाल्यावर रीळ रॉडला लावा, लाइन ओवा, रॉडभर लांबीची बाहेर सोडा आणि तर्जनीवर पुन्हा तोला. बोटभर पुढे-मागे झालं तर चालेल. त्याहून जास्त झुकत असेल तर बॅकिंगची लांबी कमी-जास्त करून दोन-चार ग्रॅम साधता येतात.

१०. हे रीळ कुठे वापरायचं, कुठे नाही

ब्रिटनहून आणलेल्या अंड्यांतून १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट रुजली आणि पुढे हिमाचलच्या नद्यांतही आली. लिद्दर, तीर्थन, बरोटची ऊहल, या पाण्यांवर तीन नंबरचा रॉड शोभतो. पुण्याजवळच्या धरणांच्या कडेला तिलापिया आणि बारीक माशांवर सरावही छान होतो. पण महासीरच्या मागे हा रॉड नेऊ नका. तिथे सात-आठ नंबरचा रॉड आणि दमदार डिस्क हवी. फार हलक्या साहित्यावर मोठा मासा खूप वेळ झुंजवला की सोडून दिल्यावरही तो जगेलच असं नाही. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेलं असेल तर ट्राउटलाही त्या दिवशी विश्रांती द्या.

निघताना सोबत ठेवा : ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती, मत्स्यविभागाचा परवाना आणि रिळाच्या खरेदीची पावती. हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, तिकिटं काढण्याआधी तारखा बघा. तीर्थनच्या वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत शिरायचं तर उद्यानाची परवानगी वेगळी लागते. विमानाने जाताना फ्लायची डबी चेक-इनच्या सामानात टाका. रीळ मात्र मी हातातल्या पिशवीत, मोज्यात गुंडाळून नेतो.

परत आल्यावर स्पूल काढून गोड्या पाण्याने धुवा, रात्रभर पंख्याखाली वाळवा, मधल्या दांड्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि क्लिकच्या जिभेला किंचित ग्रीस लावा. डिस्क असेल तर ब्रेक पूर्ण सैल करून ठेवा. पावसाळ्यात रीळ कापडी पिशवीत बंद करू नका. माझं पहिलं रीळ ओल्या पिशवीत जून ते सप्टेंबर राहिलं आणि त्याच्या पायाखाली पांढरी पूड धरली.